वाहनाची मर्यादा

रोज पहाटे सामायिक झाल्यावर चौदा नियमांची धारणा करणाऱ्या श्राविका आजही अनेक घरांत आहेत. सचित्त, द्रव्य, विगय, पादत्राणे, तांबूल, वस्त्र अशी ती यादी पुढे सरकते आणि तिच्यात ‘वाहन’ व ‘दिशा’ हे दोन नियमही येतात. द्रव्यांची संख्या ठरवताना बोटांची पेरे मोजणाऱ्या भगिनीसुद्धा वाहनापाशी पोहोचल्या की ‘तीन’ किंवा ‘चार’ असा एखादा सैल आकडा धरून पुढे जातात. बैलगाडी, घोडा आणि होडी यांच्या काळातला तो नियम मोटारींच्या काळात काहीसा मागे पडला आहे. नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ७१ वर्षांच्या एका श्राविकेकडे मात्र तो मागे पडलेला नव्हता. घरातील लहानथोर सारेच त्यांना ‘बाई’ म्हणतात. बाई रोज वाहनांचे प्रकार ठरवतात आणि ठरवले की त्यात बदल नाही. स्थानकात जाताना पाऊस आला आणि त्या दिवशी रिक्षा धारणेत नसली, तर त्या छत्री उघडतात आणि चालू लागतात.

बाईंचे घर भुसार मालाच्या आडतीचे. यजमानांना जाऊन तीन वर्षे झाली होती आणि दोन मुलांच्या वाटण्या होऊन चौदा महिने. वाटणीत भांडण असे झाले नाही. मार्केट यार्डातील जुना गाळा थोरल्याकडे राहिला, धाकट्याने त्याच रांगेत पलीकडे नवा गाळा घेतला, सोने, जमीन, घर यांचा हिशेब दोन दुपारींत मिटला. मिटले नाही ते एवढेच, की पेढीच्या पाटीवर वडिलांचे नाव कोणी लावायचे. दोघांनीही ते लावले. यार्डात येणारा शेतकरी नाव वाचून कधी या गाळ्यात शिरे, कधी त्या. दोघे भाऊ समोरासमोर आले की ‘जय जिनेंद्र’ होत असे. त्यापलीकडे शब्द नव्हता. व्यापारी घरांत असा अबोला फार शांतपणे नांदतो. लग्नकार्यात दोन्ही घरे हजर असतात, आहेर बरोबरीचा असतो, आणि बाहेरच्याला काही कळत नाही.

सहलीची गोष्ट बाईंनीच काढली. अक्षय्य तृतीयेची पारणी झाली, यार्डातील आवक ओसरली, मुलांना सुट्ट्या लागल्या. चौमासी बसण्याआधी सर्वांनी मिळून कोठेतरी जाऊन यावे, खर्च त्यांच्या ठेवीतून व्हावा, असे त्यांनी दोन्ही सुनांना बोलावून सांगितले. ठिकाण नातवंडांनी निवडावे, आपण फक्त दिशा पाहू, असेही सांगितले. ही अट थट्टेची नव्हती. बाईंनी दिशापरिमाण व्रत घेतले तेव्हा यजमानांची बहीण नैरोबीला होती. तिच्याकडे जाण्याचा प्रसंग येईल म्हणून पश्चिमेची मर्यादा आफ्रिकेपर्यंत मोकळी ठेवली होती. पूर्वेला कोलकात्याच्या पुढे त्यांना जाता येत नाही. त्यामुळे बाली आणि थायलंड ही नावे पहिल्याच बैठकीत गळाली, आणि नातवंडांच्या यादीत समुद्र असलेले जे उरले ते मॉरिशस. नैरोबीला जाणे कधी घडलेच नाही. त्या राखून ठेवलेल्या दिशेचा उपयोग असा झाला.

मंडळी नऊ होती. बाई, दोन मुलगे, दोन सुना आणि चार नातवंडे. मॉरिशसमध्ये वाहने भारतासारखीच डाव्या बाजूने चालतात आणि भाड्याची गाडी घेऊन स्वतः चालवत फिरणे ही तिथे जाणाऱ्यांची सर्वमान्य रीत आहे. त्यामुळे दोन्ही भावांनी, एकमेकांना न विचारता, आपापल्या मोबाइलवर आपापल्या कुटुंबापुरती एकेक गाडी पाहून ठेवली. थोरल्याची मुलगी सीएची आर्टिकलशिप करते. तिने दोन्ही भाड्यांचे आकडे मांडून अंदाजपत्रक आजीपुढे ठेवले. बाईंनी ते चष्मा लावून वाचले.

“दोन गाड्या घेतल्यावर मी कोणत्या गाडीत बसायचं?” त्यांनी विचारले.

एक दिवस या गाडीत, एक दिवस त्या गाडीत, असे धाकट्या सूनबाईंनी चटकन सुचवले. सूचना अगदी व्यवहारी होती. गावी बाईंचे जेवणही याच पद्धतीने चालते, महिना इकडे आणि महिना तिकडे. बाईंनी कागद परत नातीच्या हाती दिला. “तिथं बस असेलच ना,” एवढेच त्या म्हणाल्या.

बस होती. मॉरिशस बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. नगर जिल्ह्यात ते आठ वेळा मावेल. तिथल्या सामान्य माणसाचे जाणे-येणे पूर्वीपासून बसवर चालते, आणि २००५ पासून तिथले वृद्ध व विद्यार्थी विनातिकीट प्रवास करतात. मात्र बसचे जाळे प्रवाशांच्या सोयीने विणलेले आहे, पर्यटकांच्या नव्हे. बहुतेक मार्ग राजधानी पोर्ट लुई किंवा मधल्या पठारावरील क्युरपीप या दोन गावांकडे धावतात. किनाऱ्याकिनाऱ्याने बेटाला फेरी मारणारी एकच बस मिळत नाही. उत्तरेच्या बस पोर्ट लुईच्या एका स्थानकावर येतात, दक्षिणेच्या दुसऱ्या. दोन्हींमध्ये थोडे चालावे लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गावांकडच्या बस सायंकाळी साडेसहाच्या सुमारास बंद होत जातात. सहलीवर जाणारे लोक याच कारणाने गाडी घेतात: रात्रीचे जेवण बाहेर, मग समुद्रकाठी फेरफटका, मग परत येणे कसे?

नातीने मे महिन्यातील सूर्यास्ताची वेळ काढली. पावणेसहा. नवकारसी आणि चौविहार पाळणाऱ्या घराला सायंकाळी साडेपाचच्या आत जेवण आटोपायचे असते आणि नंतर प्रतिक्रमणाला बसायचे असते; शेवटची बस त्यानंतर सुटते. इतरांना जी अडचण वाटते ती या घरापुरती अस्तित्वातच नव्हती. शिवाय मॉरिशसचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे असल्याने पहिले काही दिवस जाग पहाटे लवकरच येणार, आणि सकाळच्या बसला गर्दी कमी. तिने मग सारी आखणी उलट्या बाजूने केली. कोणती स्थळे पाहायची हे आधी ठरवून तिथे कसे पोहोचायचे हे शोधण्याऐवजी, साडेचारपर्यंत मुक्कामी परत आणणारी बस कोणत्या ठिकाणाहून मिळते हे पाहिले आणि तेवढीच ठिकाणे ठेवली. पूर्व किनाऱ्यावरील इल ओ सेर हे प्रसिद्ध बेट या चाळणीतून गळाले, कारण तिथे जायचे तर दोनतीन बस आणि मग होडी, आणि परतीचा भरवसा नाही. धाकट्याच्या मुलांनी त्यावरून तोंडे पाडली.

थोरल्या मुलाला हे सारे पटले नव्हते. तो वाचनाचा माणूस आहे आणि वादात हरत नाही. गाडीखाली किडा-मुंगी मरते हे खरे, पण बसखालीही मरतेच. चाके मोठी म्हणून अधिकच मरत असतील. मग बसने जाण्यात धर्म कोणता, असे त्याने विचारले. प्रश्न वाजवी होता. मॉरिशसमध्ये पाऊस पडून गेला की मोठ्या गोगलगायी रस्त्यावर येतात, आणि मादागास्करहून आणलेला टेनरेक नावाचा काटेरी छोटा प्राणी रात्री रस्ता ओलांडताना सापडतो. बाईंचे उत्तर असे, की बस आपल्यासाठी सुटत नाही, आपण नसलो तरी ती जाणारच आहे. गाडी मात्र आपण म्हणू तेव्हा आणि आपण म्हणू तिथे निघते. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींत अंतर असते. या उत्तराने थोरल्याचे समाधान झाले नाही, आणि काटेकोर पाहिले तर होण्यासारखेही नव्हते, कारण तिकीट काढणारा प्रवासी बसच्या धावण्याला हातभार लावतोच. तरीही निरर्थक हिंसा टाळण्याचे जे व्रत श्रावकाला सांगितले आहे, त्याचा अर्थ रिकाम्या फेऱ्या कमी करणे एवढा तरी आहे, यावर दोघांचे एकमत झाले.

गाडीच नको असा हट्टही बाईंनी धरला नाही. तिथल्या बसमध्ये बोजे ठेवायला जागा नसते. विमानतळावरून मुक्कामी, एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी आणि परत विमानतळावर, असे तीन वेळा चालकासह मोठी व्हॅन ठरवली; आणि नैर्ऋत्येकडील डोंगराळ भागासाठी, जिथे बस विरळ आहेत, आणखी एक दिवस. त्या चारही वेळा वाहन एकच होते आणि नऊजण त्यात मावत होते. उरलेल्या दिवशी रात्री प्रतिक्रमणानंतर नात एक चिठ्ठी लिहून आजीच्या उशाशी ठेवी: ‘उद्या बस, होडी.’ किंवा ‘उद्या बस, मेट्रो.’ पहाटे बाई तेवढ्याचीच धारणा करीत. सहलीचे नियोजन म्हणतात ते या चिठ्ठीएवढेच होते, परंतु ती खरी ठरावी यासाठी मुलीला बसथांब्यावर जाऊन चौकशी करावी लागे, आणि ते काम तिने चोख केले.

मुक्काम दोन निवडले. पहिले चार दिवस आग्नेयेकडील माएबूर, जे विमानतळाजवळ आहे आणि ज्याचे नाव ऐकताच बाईंनी त्याचे ‘माहेर’ करून टाकले. नंतरचे चार दिवस उत्तरेतील ग्रँड बे. दोन्हीकडे स्वयंपाकघर असलेली घरे घेतली, आणि दोन्ही घरे बसथांब्यापासून चालत पाच मिनिटांच्या आत. समुद्र दिसणारी खोली स्वस्तात मिळत असतानाही ती थांब्यापासून दूर म्हणून सोडली. गाडीविना जाणाऱ्याने खिडकीतून काय दिसते यापेक्षा दारातून बाहेर पडल्यावर किती चालावे लागते हे आधी पाहावे. वृद्ध माणूस बरोबर असेल तर सारी सहल त्या पाच मिनिटांवर ठरते.

जेवणाचा प्रश्न जितका अवघड वाटला होता तितका निघाला नाही. खाकरे, मुगाचे पापड आणि कोरडी चटणी बरोबर होतीच. ताजी भाजी, फळे किंवा बियाणे विमानातून नेणे टाळले, कारण शेतीप्रधान बेटांवर त्याविषयी कडक नियम असतात. डाळ, तांदूळ, पीठ तिथे सहज मिळते. भाजीबाजारात तर सुनांना हसू आवरेना. तिथल्या क्रिओल भाषेत भेंडीला ‘लालो’, कारल्याला ‘मार्गोझ’, दोडक्याला ‘पिपांगाय’ म्हणतात, आणि पडवळ तर ‘पातोल’ या नावाने नातलगासारखेच भेटते. शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या ढिगाने असतात. कंदमुळे वगळूनही रोज नवी भाजी झाली. ‘धोल पुरी’ म्हणून रस्त्यावर विकली जाणारी वस्तू म्हणजे वाटलेली डाळ भरलेली पातळ, मऊ पोळी. गूळ न घातलेली पुरणपोळीच जणू. तिच्यात घालायची उसळ आणि टोमॅटोची चटणी कांदालसणाची असते, म्हणून मुले नुसती पुरी मागून घेत आणि वर घरची कोरडी चटणी पसरत. विक्रेत्याला हा प्रकार मुळीच पसंत पडला नाही. बाईंनी बाहेरचे काही घेतले नाही. एका दुपारी मात्र सुनांनी चिरून आणलेल्या छोट्या, गोड अननसाची एक फोड त्यांनी द्रव्यात धरली.

माएबूरला १८७० पासून कसावाच्या कंदाची बिस्किटे करणारा एक कारखाना आहे. मुलांना तो पाहायला नेले आणि मग तिथे काही खायचे नाही हे समजावण्यात अर्धा तास गेला. साबुदाणाही याच कंदाचा होतो, असे सतरा वर्षांच्या नातवाने सर्वांसमोर सांगितले. साबुदाण्याची खिचडी आवडीने खाणारे मोठे लोक तिथे होते. ते काही बोलले नाहीत.

ब्लू बे हा सागरी उद्यानाचा भाग माएबूरपासून बसने अगदी जवळ आहे. २००८ मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. तळाला काच बसवलेल्या होड्यांतून प्रवाळ पाहता येते. प्रवाळ म्हणजे दगड, वनस्पती की प्राणी, असा प्रश्न धाकट्या नातवाने होडीत विचारला. शास्त्र त्याला प्राण्यांची वसाहत मानते. ‘जीवविचार’ या ग्रंथात प्रवाळाची गणना पृथ्वीकायात केलेली आहे, हे बाईंना पाठ होते. वर्ग वेगळा असला तरी तो जीव आहे यावर दोघांचा मेळ बसतो, आणि म्हणून त्यावर पाय द्यायचा नाही, एवढे त्या मुलाला पुरले. त्याच्या वडिलांनी श्वासनळी लावून पाण्यात उतरण्याचा बेत केला होता. तो त्यांनी न सांगताच सोडला.

त्याच दिवशी परतताना बस बंद पडली. वेळ पावणेपाचची, माएबूर तीन किलोमीटरवर, एका बाजूला सुरूची झाडे आणि पलीकडे समुद्र. वाहकाने हातवारे करून मागची बस येईल असे सांगितले. स्थानिक प्रवासी निमूट उतरले आणि काही चालू लागले. थोरल्याने जाणारी एक टॅक्सी हात करून थांबवली. त्या सकाळी धारणेत बस आणि होडी होती, टॅक्सी नव्हती. बाईंनी मान हलवली. आजारी माणसाला, अडचणीच्या वेळी, नियमात आगार असतो. सूट घेता आली असती आणि कोणी नाव ठेवले नसते. धाकटा म्हणाला की, बाई थकल्या आहेत, त्यांनी बसावे, प्रायश्चित्त नंतर घेता येईल. “मी थकले नाही,” बाई म्हणाल्या आणि रस्त्याकडेच्या बुटक्या भिंतीवर बसल्या. टॅक्सी निघून गेली.

सूर्य उतरत होता. सुनांनी पिशवीतून डबे काढले आणि त्या भिंतीवरच पाने मांडली: खाकरा, मूग, दुधीची भाजी, उकळून गार केलेले पाणी. जागा अरुंद असल्याने मांडणी जशी झाली तशी झाली आणि दोन्ही भाऊ शेजारी आले. गावात चौदा महिन्यांत ते एका पंगतीला शेजारी बसले नव्हते. जेवता जेवता धाकट्याने, समुद्राकडे पाहतच, शेवगावच्या एका व्यापाऱ्याच्या जुन्या उधारीचा विषय काढला. वडिलांच्या वहीत ती रक्कम येणे दिसत होती. वाटणीत ती कोणाकडेच आली नव्हती, कारण ती मागायला जाणे म्हणजे वडिलांच्या पेढीचा वारस आपण आहोत असे म्हणणे.

“ती बाबूजींच्या खात्यातली आहे,” थोरला म्हणाला.

“म्हणजे कोणाची?”

“तू पाटी लावलीस तेव्हा विचारलं होतंस का?”

यापुढे आवाज चढले. पाटी, गाळा, जुना हमाल कोणाकडे गेला, मुनीमजींना कोणी फोडले, वडिलांच्या आजारपणात रात्री कोण जागले. चौदा महिन्यांत न बोललेले सारे त्या भिंतीवर निघाले. सुना मुलांना घेऊन थोड्या दूर गेल्या. बाईंनी पाणी पिऊन पच्चक्खाण घेतले होते. त्या माळ हातात घेऊन बसून राहिल्या आणि मध्ये एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी दोघांना गप्प करायला हवे होते, असे मोठ्या सूनबाईंचे मत आजही आहे. ते मत बरोबर वाटत नाही. गावातील घरात दोन खोल्या असतात, गाडीत दरवाजा असतो. माणूस उठून जाऊ शकतो. तिथे दोघांनाही उठून जायला जागा नव्हती. सुमारे पस्तीस मिनिटांनी मागची बस आली. तीत दोघांना एकत्र बसायला जागा मिळाली नाही, आणि उधारीचा प्रश्न तिथेच राहिला. त्या रात्रीच्या प्रतिक्रमणात दोघेही होते.

उत्तरेच्या मुक्कामातील एक दिवस पोर्ट लुईसाठी ठेवला होता. ग्रँड बेची बस ज्या इमिग्रेशन स्क्वेअर स्थानकात थांबते, त्याच्या जवळच आप्रवासी घाट आहे. १८३४ मध्ये २ नोव्हेंबरला ‘ॲटलस’ जहाजातून पहिले ३६ करारबद्ध मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे भारतातून अशीच आली. युनेस्कोने २००६ मध्ये या जागेला जागतिक वारसा म्हटले. घाटाच्या दगडी पायऱ्या लहान आहेत. त्या मजुरांच्या करारात काय लिहिले होते, मजुरी किती होती, कापली किती जाई, हे भावांनी फार बारकाईने वाचले. आडत करणाऱ्यांना कराराचा कागद कसा वाचायचा हे कोणी शिकवावे लागत नाही.

तेथून मेट्रो. भारत सरकारच्या अर्थसाहाय्याने आणि लार्सन अँड टुब्रोने बांधलेली ही मार्गिका ऑक्टोबर २०१९ मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी २०२० पासून प्रवाशांना खुली झाली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये क्युरपीपपर्यंत पोहोचली. सुमारे २६ किलोमीटरच्या या मार्गावर समुद्रसपाटीचे ऊन पठारावरच्या गारव्यात बदलत जाते. क्युरपीपला पाऊसही बराच. बेटावरच्या उसाला मे महिन्यात तुरे येऊ लागलेले असतात. नगर जिल्ह्यात उसाला तुरा म्हणजे वजन आणि उतारा घटणार, कारखान्याने तोड वेळेवर दिली नाही, अशी ओरड. इथे मात्र तोड जूनपासून सुरू होते आणि रुपेरी तुऱ्यांची छायाचित्रे घेतली जातात. धाकट्याने हे थोरल्याला दाखवले. थोरला म्हणाला, “उतारा किती पडत असेल?” संभाषण एवढेच, पण ते उसाविषयी होते आणि पाटीविषयी नव्हते.

वाकोआच्या पुढे मेट्रोत एक गमतीची गोष्ट घडली. “पडशील, धर नीट,” असे बाई नातीला म्हणाल्या आणि समोरची सत्तरीची एक स्त्री एकदम वळली. मॉरिशसमधील मराठी समाज मुख्यतः कोकणातून गेलेल्या मजुरांचा. घरात आता क्रिओल बोलली जाते, पण शाळेत मराठी शिकता येते आणि गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. त्या बाईंचे मराठी पुस्तकी आणि थांबत थांबत येणारे होते. त्यांच्या आजीच्या तोंडी ‘पडशील’ हा शब्द होता, असे त्यांनी सांगितले. बाईंनी आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे विचारले, “तुमचं गाव कोणतं?” त्या म्हणाल्या, “वाकोआ.” बाईंना मूळ गाव विचारायचे होते. ते त्या स्त्रीला ठाऊक नव्हते. ‘रत्नागिरी’ एवढे नाव होते, आणि ते गाव आहे की जिल्हा हेही तिला सांगता आले नाही. क्युरपीप आले आणि दोघींनी हात जोडले.

व्हॅनचा दिवस सर्वांत देखणा आणि सर्वांत कमी आठवणींचा ठरला. गंगा तलावाकाठची १०८ फुटी शिवमूर्ती, काळ्या नदीच्या दऱ्या, शामारेलची रंगीत माती हे सगळे एका दिवसात झाले. त्या रात्री मुलांना विचारले तर त्यांनी बसचालकाच्या गाण्यांविषयी सांगितले, जो त्या दिवशी नव्हताच.

गावी परतल्यावर नातीने हिशेब मांडला. सुरुवातीच्या अंदाजपत्रकातील दोन गाड्यांचे भाडे एका रकान्यात, आणि बस, मेट्रो व व्हॅनचा प्रत्यक्ष खर्च दुसऱ्या. फरक बराच होता. बाईंनी तो फरक गावच्या पांजरापोळीत चाऱ्यासाठी द्यायला सांगितला. रक्कम घेऊन दोन्ही मुले बरोबरच गेली, कारण एकाला पाठवले असते तर दुसऱ्याला वाईट वाटले असते. मुनीमजींनी पावतीपुस्तक उघडून विचारले की, पावती कोणत्या पेढीच्या नावाने फाडायची. दोघांनी वडिलांचे नाव एकदमच सांगितले. मुनीमजींनी ते लिहिले आणि पत्ता विचारला. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग थोरल्याने जुन्या गाळ्याचा क्रमांक सांगितला आणि पाठोपाठ नव्या गाळ्याचाही. पत्त्याचा रकाना अरुंद होता. मुनीमजींनी दोन्ही क्रमांक बारीक अक्षरात एकाखाली एक बसवले.